पहिल्या निवडीचे मोल : मॅसी-थेलर उपपत्तीचे एक परीक्षण

१

लिलावात ज्याची बोली सर्वांत वरचढ ठरते त्याला घेतलेली वस्तू बहुधा महाग पडते, हा व्यवहारातला अनुभव जुनाच आहे. त्याची शास्त्रीय उपपत्ती मात्र १९७१ साली प्रथम मांडली गेली. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा विचार करताना केपेन, क्लॅप व कॅम्पबेल ह्या तीन अभियंत्यांनी असे दाखविले की, समुद्रतळाखालील तेलाविषयीचा प्रत्येक बोलीदाराचा अंदाज कमीअधिक चुकलेला असतो, आणि ज्याची चूक वरच्या बाजूस सर्वाधिक असते तोच लिलाव जिंकतो. ह्या घटनेस पुढे 'विजेत्याचा शाप' हे नाव रूढ झाले.

केड मॅसी व रिचर्ड थेलर ह्यांनी ह्या कल्पनेला एक अनपेक्षित जोड दिली. २००५ साली प्रथम प्रसृत झालेला आणि २०१३ साली 'मॅनेजमेंट सायन्स' ह्या नियतकालिकात अंतिम रूपाने प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध 'पराभूताचा शाप' ह्या नावाने ओळखला जातो. त्याचा विषय आहे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमधील नवोदित खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजे तेथे ज्याला 'ड्राफ्ट' म्हणतात ती पद्धती. ह्या निवडीत सर्वांत आधी निवड करण्याचा मान ज्या संघाला मिळतो त्याला तो मान लाभदायक न ठरता महाग पडतो, आणि म्हणून शहाण्या संघाने तो मान विकून टाकावा, असे त्या निबंधाचे सार आहे. थेलर ह्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर हा निबंध वर्तनवादी अर्थशास्त्राच्या अध्यापनात एक आदर्श उदाहरण म्हणून वारंवार पुढे केला जातो.

आदर्श म्हणून पुढे केलेल्या उदाहरणाचे परीक्षण अधिक कसोशीने होणे आवश्यक असते. मॅसी व थेलर ह्यांनी मानवी निर्णयशक्तीच्या एका दोषाचे जे निदान केले ते आजही अबाधित आहे. परंतु 'महाग' ह्या शब्दाचा त्यांनी स्वीकारलेला अर्थ दोन बाजूंनी अपुरा पडतो. एक तर मैदानावरील यश हे त्यांच्या हिशेबाच्या बेरजेत पूर्णतः सामावत नाही. दुसरे असे की, निवड कोणाला महाग पडते हा प्रश्न त्यांनी केवळ संघमालकांच्या खातेवहीतून विचारला आहे. ह्या दोन आक्षेपांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

प्रथम ह्या पद्धतीचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. येथे फुटबॉल म्हणजे गोव्यात वा मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळला जाणारा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातांनी वाहून वा फेकून प्रतिपक्षाची हद्द ओलांडण्याचा हा अमेरिकी खेळ आहे. एका वेळी मैदानावर एका पक्षाचे ११ खेळाडू असतात आणि प्रत्येकाचे काम अत्यंत विशिष्ट असते. त्यांत 'क्वार्टरबॅक' हे स्थान सर्वांत महत्त्वाचे. चढाईची सूत्रे त्याच्या हाती असतात, चेंडू फेकणारा प्रायः तोच असतो, आणि एका वेळी मैदानावर असा एकच खेळाडू उपयोगी पडतो. पुढील विवेचनात ह्या गोष्टीचे महत्त्व दिसून येईल.

'नॅशनल फुटबॉल लीग' ह्या संघटनेत आज ३२ संघ आहेत. महाविद्यालयीन खेळाडूंतून नवे खेळाडू घेताना ते परस्परांशी बोली लावीत नाहीत; ते क्रमाने निवड करतात. मागील हंगामात जो संघ सर्वांत तळाशी राहिला त्याची निवड पहिली आणि विजेत्याची शेवटची. निवड झालेल्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्या एकाच संघाला मिळतो. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल ह्यांनी १९३५ साली ही योजना सुचविली आणि १९३६ साली ती अंमलात आली. दुर्बलाला बळ देऊन स्पर्धा समतोल राखणे हा तिचा घोषित उद्देश. तिचा दुसरा परिणाम असा की, नवोदित खेळाडूसाठी होणारी चढाओढ थांबली व त्याबरोबर त्याचे वेतनही आवरले गेले. पहिल्या वर्षी ९ संघांनी मिळून ८१ खेळाडू निवडले. त्यांतील पहिला खेळाडू जे बर्वँगर हा व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. पहिल्या निवडीच्या इतिहासाचा प्रारंभच असा एका रिकाम्या जागेने व्हावा, हे लक्षणीय आहे.

कालांतराने निवडीचे हक्क हे विनिमयाचे साधन बनले. संघ परस्परांत ह्या हक्कांची अदलाबदल करू लागले आणि त्यासाठी एक भावपत्रकही तयार झाले. १९९० नंतरच्या प्रारंभीच्या काळात डॅलस संघाचे एक भागीदार माइक मॅकॉय ह्यांनी प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांवरून ते रचले. त्यात पहिल्या निवडीस ३००० गुण, दहाव्या निवडीस १३०० आणि बत्तिसाव्या निवडीस ५९० गुण दिलेले आहेत. म्हणजे पहिल्या निवडीसाठी बत्तिसाव्यासारख्या पाच निवडी द्याव्यात, असा हा भाव झाला. हे पत्रक एका संघाने आपल्या सोयीसाठी केले, पण हळूहळू इतर संघांनीही ते स्वीकारले. मॅसी व थेलर ह्यांचे संशोधन ह्याच भावाच्या छाननीपासून सुरू होते.

३

त्यांची पद्धती थोडक्यात अशी. मुक्तपणे करार करण्यास पात्र झालेल्या अनुभवी खेळाडूंना कोणत्या स्थानासाठी व कोणत्या दर्जाच्या कामगिरीसाठी किती वेतन मिळते, हे त्यांनी प्रथम पाहिले. त्यावरून नवोदित खेळाडूच्या कामगिरीचे बाजारमूल्य काढले. मग त्या मूल्यातून त्या नवोदिताला मिळालेले वेतन वजा केले. जे उरते ते संघाचा लाभ. संघांच्या एकूण वेतनखर्चावर १९९४ पासून मर्यादा असल्यामुळे हा लाभ म्हणजे अन्यत्र खर्चावयास मोकळा झालेला पैसा होय.

ह्या हिशेबातून निघालेला निष्कर्ष विस्मयकारक होता. आधी निवडलेले खेळाडू सरासरीने अधिक चांगले असतात ह्यात शंका नाही. परंतु कामगिरी ज्या गतीने उतरते त्याहून वेतन अधिक गतीने उतरते. त्यामुळे संघाचा निव्वळ लाभ पहिल्या निवडीपाशी सर्वाधिक न राहता पहिल्या फेरीत खालच्या दिशेने वाढत जातो आणि दुसऱ्या फेरीच्या प्रारंभी कळसास पोहोचतो. भावपत्रकाप्रमाणे सर्वांत मौल्यवान असलेली वस्तू हिशेबाप्रमाणे तितकी मौल्यवान नाही. दुर्बल संघाला मदत म्हणून दिलेला हक्क त्याच्या गळ्यातील धोंडा ठरतो. 'पराभूताचा शाप' तो हा.

असे का व्हावे, ह्याचे उत्तर लेखकांनी मानसशास्त्रात शोधले आहे. स्वतःच्या पारखशक्तीविषयी अवाजवी विश्वास, अपुऱ्या पुराव्यावरून टोकाचे अंदाज बांधण्याची प्रवृत्ती, आपल्याला जो खेळाडू आवडला तोच इतरांनाही हवा असणार हा समज, आणि आजच्या लाभापुढे उद्याचा लाभ क्षुल्लक वाटणे, ही त्यांनी दिलेली प्रमुख कारणे. ह्यांपैकी दोहोंचा त्यांनी दिलेला पुरावा स्मरणात राहण्याजोगा आहे. एकाच स्थानावर खेळणाऱ्या दोन खेळाडूंपैकी जो आधी निवडला गेला तो लगेच नंतर निवडल्या गेलेल्याहून पुढे सरस ठरण्याची शक्यता केवळ ५२ टक्के आढळली. नाणे उडवून केलेली निवडही ५० टक्के खरी ठरते. तेव्हा एका स्थानासाठी एक पायरी वर चढण्याकरिता जो मोबदला दिला जातो तो जवळजवळ ह्या दोन टक्क्यांचा मोबदला होय. दुसरा पुरावा कालावधीसंबंधीचा. पुढील वर्षाची निवड देऊन ह्या वर्षाची निवड घेणारे संघ जो भाव देतात त्याचे व्याजात रूपांतर केले, तर तो दरसाल दरशेकडा १३६ पडतो. कोणताही सावकार ज्याने लाजेल असे हे व्याज आहे; आणि ते देणारे कोणी गरजू शेतकरी नसून कोट्यधीश संघमालक आहेत.

ह्यातून पहिल्या निवडीचा भुर्दंड टाळण्याचे जे उपाय निघतात ते सरळ आहेत. वरची निवड विकून तिच्या बदल्यात खालच्या अनेक निवडी घ्याव्यात. ह्या वर्षाची निवड सोडून पुढच्या वर्षाची वरची निवड पदरात पाडावी, म्हणजे इतरांच्या अधीरतेचे व्याज आपल्याला मिळते. विशिष्ट खेळाडूवर मन जडवून घेऊ नये. एका स्थानासाठी जवळपास सारखे असे दोघेतिघे उपलब्ध असतील, तर वर न चढता उरेल तो घ्यावा. ज्या स्थानावर उत्तम व मध्यम ह्यांतील अंतर अल्प, तेथे तर वरची निवड मुळीच खर्चू नये. १९९९ साली न्यू ऑर्लिन्सच्या संघाने रिकी विल्यम्स ह्या एका धावपटूसाठी त्या वर्षाच्या आपल्या सर्व निवडी आणि पुढील वर्षाच्या पहिल्या व तिसऱ्या फेरीतील निवडी देऊन टाकल्या, आणि त्या हंगामात १६ पैकी केवळ ३ सामने जिंकले. ह्या सर्व उपदेशांच्या विरुद्ध वागण्याचा हा पाठच होता.

४

ह्या उपपत्तीचे सामर्थ्य तिच्या विनयात आहे. ती संघाला अधिक चांगली पारख शिकवू पाहत नाही. आपली पारख फार चांगली नाही हे गृहीत धरून वागावयास सांगते. २००० साली टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे त्याने अपूर्व यश मिळविले. ही गोष्ट न्यू इंग्लंड संघाच्या दूरदृष्टीचा दाखला म्हणून सांगितली जाते. परंतु त्याच संघाने त्याच वर्षी ब्रेडीच्या आधी दुसऱ्या सहा खेळाडूंची निवड केली होती. त्याची योग्यता खरोखरच आधी कळली असती, तर त्याला १९९ व्या क्रमांकापर्यंत उघड्यावर ठेवण्याचे धाडस कोणी केले नसते. ह्या कथेवरून पारख सिद्ध होत नाही. पुष्कळ वेळा हात घालणाऱ्याला एखादे वेळी माणिक सापडते, एवढेच सिद्ध होते.

उलट दिशेने पाहिले तरी सावधगिरी हवी. भारतीय वाचकास 'इंडियन प्रीमियर लीग'मधील खेळाडूंचा लिलाव परिचित आहे. परंतु २००८ च्या पहिल्या हंगामात एकोणीस वर्षांखालील खेळाडूंचे वाटप लिलावाने न होता ड्राफ्टनेच झाले होते. त्यात दिल्लीच्या संघाने स्थानिक विराट कोहलीस वगळून डावखुरा गोलंदाज प्रदीप सांगवान ह्याची निवड केली, आणि कोहली बंगळूरला गेला. आज ही निवड हास्यास्पद वाटते. पण फलंदाजांनी भरलेल्या संघाला गोलंदाज हवा वाटणे हे त्या वेळी अविचाराचे नव्हते. निर्णयाचे मूल्य त्याच्या फळावरून ठरविणे हा टीकाकाराचा नेहमीचा मोह असतो. मॅसी व थेलर ह्यांनी एकेका प्रकरणाऐवजी अनेक वर्षांच्या व्यवहारांच्या सरासरीवर बोट ठेवले, हे त्यांच्या पद्धतीचे श्रेय होय.

५

पहिला आक्षेप येथूनच उद्भवतो. सरासरीच्या हिशेबात पाच निवडींचे लाभ एकत्र मिळवता येतात. मैदानावर ते तसे मिळवता येतातच असे नाही. क्वार्टरबॅकची जागा एक असते. दोन मध्यम क्वार्टरबॅकांची बेरीज एक उत्तम क्वार्टरबॅक होत नाही. शिवाय वेतनात वाचवलेल्या पैशाने उत्तम क्वार्टरबॅक विकत घ्यावा म्हटले, तर तो बाजारात क्वचितच येतो. ज्याच्याजवळ तो असतो तो संघ त्याला सहसा सोडीत नाही. जी वस्तू बाजारात फारशी येत नाही तिचे मूल्य बाजारातील वेतनांवरून काढणे कितपत निर्दोष आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

ह्या दृष्टीने २०१२ साली वॉशिंग्टन व सेंट लुइस ह्या संघांत झालेला व्यवहार उद्बोधक आहे. रॉबर्ट ग्रिफिन ह्या क्वार्टरबॅकसाठी सहाव्या क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर येण्याकरिता वॉशिंग्टनने २०१२, २०१३ व २०१४ ह्या तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि २०१२ ची दुसऱ्या फेरीची निवड देऊन टाकली. थेलर ह्यांनी २०१५ च्या आपल्या 'मिसबिहेविंग' ह्या ग्रंथात ह्या संघाच्या मालकाशी व त्याच्या माणसांशी आलेल्या संबंधाचा वृत्तान्त दिला आहे. सल्ला ऐकूनही संघाने नेमके उलट वर्तन केले, असे त्याचे तात्पर्य. ग्रिफिनचा पहिला हंगाम उत्कृष्ट गेला. परंतु जानेवारी २०१३ मध्ये गुडघ्यास गंभीर दुखापत झाली, पूर्वीचा खेळ परत आला नाही आणि २०१६ साली संघाने त्याला मुक्त केले. त्याच्या जागी स्थिरावला तो कर्क कझिन्स. वॉशिंग्टननेच त्याला त्याच २०१२ च्या निवडीत १०२ व्या क्रमांकावर घेतले होते. उपपत्तीची इतकी नेमकी साक्ष रचूनही मिळाली नसती.

परंतु ह्या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. शहाण्या विक्रेत्याचे पुढे काय झाले? सेंट लुइसने मिळालेल्या निवडी आणखी विभागून अनेक खेळाडू घेतले. डिसेंबर २०१४ मध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात नाणेफेकीसाठी त्याने नेमके हेच खेळाडू पुढे पाठविले आणि व्यवहारातील आपल्या विजयाचे प्रदर्शन केले. तथापि २०१२ ते २०१६ ह्या पाचही हंगामांत त्या संघास पराभवांपेक्षा अधिक विजय एकदाही मिळविता आले नाहीत. ग्रिफिनच्या निवडीतून आलेल्या शेवटच्या हक्कावर, २०१४ साली दुसऱ्या क्रमांकावर, घेतलेला खेळाडूही अपयशी ठरला. अखेरीस २०१६ साली लॉस एंजेलिसला स्थलांतर केलेल्या ह्याच संघाने पंधराव्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर चढण्यासाठी स्वतःच्या अनेक निवडी दिल्या व जेरेड गॉफ हा क्वार्टरबॅक घेतला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पुढे २०२१ साली गॉफ आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी व तिसऱ्या फेरीची एक निवड देऊन त्याने डेट्रॉइटचा मॅथ्यू स्टॅफर्ड मिळविला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये विजेतेपद पटकावले. हा स्टॅफर्डही २००९ सालची पहिली निवड होता. निवडी विकून श्रीमंत झालेला संघ निवडी उधळून विजयी झाला.

एका संघाच्या कथेवरून सिद्धान्त बांधणे अयोग्य होईल. ज्या दोषाचा आरोप कथाकारांवर करावयाचा तोच दोष टीकाकाराने करू नये. वर चढूनही फसलेले संघ पुष्कळ आहेत. २०१७ साली शिकागोने तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी तीन निवडी अधिकच्या मोजल्या आणि मिचेल ट्रबिस्की घेतला. त्याच वर्षी कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्या क्रमांकावर येऊन पॅट्रिक महोम्स घेतला. पहिला व्यवहार पश्चात्तापाचा ठरला, दुसऱ्याने त्या संघाचे भाग्य पालटले. दोन्ही संघांनी नियम मोडला होता. तेव्हा आक्षेप एवढाच की, 'वरची निवड विका' हा उपदेश बहुतेक स्थानांच्या बाबतीत खरा असला तरी क्वार्टरबॅकच्या बाबतीत तो अपुरा आहे. तेथे प्रश्न सरासरी लाभाचा नसून एकाच जागी एकच उत्तम माणूस मिळण्याच्या संधीचा आहे. अशा वेळी सरासरीने तोट्याचा असणारा व्यवहारही कधी समर्थनीय ठरू शकतो. मात्र त्यासाठी माणूस ओळखता आला पाहिजे. आणि तो ओळखता येत नाही, हेच तर ह्या निबंधाने दाखविले आहे. उपपत्तीची मर्यादा व तिचे बळ ही अशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

६

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. त्यासाठी २०११ सालच्या एका घटनेकडे वळले पाहिजे. तोपर्यंत पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचे वेतन वाटाघाटीने ठरे व वर्षानुवर्षे चढत जाई. २००७ साली ओकलंडने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या जमार्कस रसेलला तीन कोटी डॉलरांहून अधिक रकमेची हमी मिळाली. २०१० साली, अवघ्या तीन हंगामांनंतर, संघाने त्याला मुक्त केले. त्याच २०१० साली सॅम ब्रॅडफर्ड ह्याचा करार सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरांचा होता व त्यांपैकी ५ कोटींची हमी होती. २०११ साली मालक व खेळाडूंची संघटना ह्यांच्यात नवा सामुदायिक करार झाला आणि नवोदितांच्या वेतनावर क्रमवार मर्यादा आली. त्या वर्षीच्या पहिल्या निवडीला, म्हणजे कॅम न्यूटनला, चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख डॉलर मिळाले. एका वर्षात पहिल्या निवडीची किंमत अशी कोसळली.

म्हणजे ज्या भुर्दंडातून सुटण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ संघांना शहाणपण शिकवीत होते, त्याचा वेतनरूपी भाग संघांनी शहाणपणाने टाळला नाही, नियमाने टाळला. आणि ह्या बदलाने उपपत्तीची एक कसोटीही घेतली. पहिली निवड महाग होती ती केवळ वेतनामुळे असती, तर २०११ नंतर वर चढण्यासाठी मोठा मोबदला देणे शहाणपणाचे ठरावयास हवे होते. परंतु २०१२ चा वॉशिंग्टनचा व्यवहार नव्या नियमांखालीलच आहे. २०२१ साली सॅन फ्रान्सिस्कोने बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी व शिवाय तिसऱ्या फेरीची एक निवड दिली, तोही नव्या नियमांखालीच. घेतलेला क्वार्टरबॅक ट्रे लान्स फारसा खेळला नाही आणि २०२३ साली चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात दुसऱ्या संघाकडे गेला. दरम्यान २०२२ च्या निवडीत अगदी शेवटच्या, २६२ व्या, क्रमांकावर घेतलेल्या ब्रॉक पर्डीने तोच संघ फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतिम सामन्यास नेला. वेतन उतरले तरी अतिविश्वास उतरला नाही. तो आता इतर निवडींच्या रूपाने किंमत मोजू लागला. मॅसी व थेलर ह्यांच्या मानसशास्त्रीय निदानास ह्याहून मोठी पुष्टी मिळणे कठीण. त्यांच्या वेतनविषयक आलेखाचे महत्त्व मात्र आता बव्हंशी ऐतिहासिक उरले आहे.

तरीही एक प्रश्न राहतोच. वाचलेला पैसा कोणाचा होता? मॅसी व थेलर ज्याला संघाचा लाभ म्हणतात, त्यासाठी मराठीत प्रतिशब्द शोधू जाता 'वरकड मूल्य' हाच शब्द प्रथम हाताशी येतो, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याबरोबर श्रमाच्या मूल्याची सारी जुनी चर्चा आठवते. हा योगायोग केवळ शाब्दिक नव्हे. खेळाडूने निर्माण केलेल्या मूल्यातून त्याचे वेतन वजा जाता जे उरते ते संघाचे, ही व्याख्या निबंधातच आहे. मग दुसऱ्या फेरीतील निवड 'सर्वांत लाभदायक' ह्याचा अर्थ दुसऱ्या फेरीतील खेळाडू आपल्या योग्यतेच्या मानाने सर्वांत कमी वेतनावर राबतो, असाच होतो. तो दुसऱ्या संघाकडे जाऊ शकत नाही, कारण त्याच्या श्रमाचा ग्राहक नियमाने एकच ठरलेला आहे. अनुभवी खेळाडूंच्या मुक्त बाजारातील वेतन हेच जर खरे मूल्य मानावयाचे, तर पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला अधिक मिळत होते ह्यापेक्षा इतर नवोदितांना फार कमी मिळत होते, हे ह्या आलेखाचे तितकेच खरे वाचन आहे. निबंधात हे वाचन प्रमुखपणे येत नाही.

ह्या प्रश्नाचा इतिहासही जुना आहे. १९६८ साली वॉशिंग्टनने पहिल्या फेरीत निवडलेला जेम्स स्मिथ हा खेळाडू पहिल्याच हंगामाच्या अखेरच्या सामन्यात मानेला दुखापत होऊन कायमचा निकामी झाला. बोली लावण्यास अनेक संघ मोकळे असते, तर अशा आपत्तीत संरक्षण देणारा करार आपल्याला मिळवता आला असता, असे प्रतिपादून त्याने ड्राफ्टविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १९७६ साली न्यायालयाने त्या काळच्या स्वरूपातील ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरविला आणि १९७८ साली अपील न्यायालयाने तो निष्कर्ष मान्य केला. परंतु तत्पूर्वीच, १९७७ च्या सामुदायिक करारात, खेळाडूंच्या संघटनेने ड्राफ्टला संमती दिली होती आणि त्यामुळे त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या नवोदितांच्या वेतनाचा सौदा १९७७ व २०११ च्या करारांत झाला, ते त्या वेळी महाविद्यालयांत शिकत होते. संघटनेचे सभासद होते ते जुने खेळाडू. जे उपस्थित नव्हते त्यांच्या हिश्शावर उपस्थितांनी तडजोड केली. पहिली निवड संघांना स्वस्त झाली ती अशा रीतीने. दुखापतींनी भरलेल्या ह्या खेळात अनेकांना दुसरा करार मिळण्याची वेळच येत नाही. त्यांच्या बाबतीत पहिल्या करारातील तूट पुढे भरून निघेल असे म्हणणे पोकळ ठरते.

७

सारांश, मॅसी व थेलर ह्यांच्या निबंधाचे मूल्यमापन तीन पातळ्यांवर करावे लागते. निर्णयशास्त्रातील एक निरीक्षण म्हणून तो उत्तम आहे. माणसांना जेवढे कळते त्याहून अधिक कळते असे वाटते, आणि मोठी किंमत पणाला लागली तरी हा भ्रम दूर होत नाही, हे त्याने अशा क्षेत्रात दाखविले जेथे चुकीचे फळ दर रविवारी हजारोंच्या साक्षीने समोर येते. व्यवहारोपयोगी नीती म्हणून तो बव्हंशी ग्राह्य आहे. खाली सरकावे, पुढच्या वर्षाची वाट पाहावी, एका नावावर हट्ट धरू नये, हे नियम २०११ नंतरही टिकले आहेत. फक्त क्वार्टरबॅकच्या बाबतीत ते आंधळेपणाने लावता येत नाहीत, आणि लॉस एंजेलिसच्या संघाचा अनुभव ह्याची आठवण देतो. तिसऱ्या, म्हणजे न्यायाच्या, पातळीवर मात्र तो मुका आहे.

ह्या मौनाची दखल घेणे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अगत्याचे आहे. 'महाग' हे विशेषण वस्तूला लागत नाही, व्यवहाराला लागते. आणि व्यवहाराला दोन बाजू असतात. एका बाजूची खातेवही समोर ठेवून काढलेली बाकी गणिताने कितीही अचूक असली तरी ती अर्धीच असते. जमार्कस रसेलची निवड ओकलंडला किती महाग पडली हे सर्वांना ठाऊक आहे. शेवटच्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या ब्रॉक पर्डीने सर्वांत तुटपुंज्या वेतनात अंतिम सामना गाठला, तेव्हा तीच गोष्ट संघाच्या बाजूने अपूर्व स्वस्ताई म्हणून वाखाणली गेली. खेळाडूच्या बाजूने तिचे नाव काय असावे, हा प्रश्न पुढील संशोधनाने विचारावयास हवा.